दात पोलादाचे, भिस्त जोडावर

एप्रिल महिन्यातील पहाट. आल्प्स पर्वतातील ग्राँ कोंबाँ या सुमारे ४३०० मीटर उंचीच्या शिखरावर अजून ऊन पडलेले नाही. त्याच्या अंगाखांद्यावर, सुमारे ३००० मीटर उंचीवर, वाल्सोरे नावाचे एक विश्रामघर आहे. डोक्याला विजेचे दिवे बांधलेले काही प्रवासी तेथून बाहेर पडतात. फ्रान्समधील शामोनीहून स्कीवर निघून हिमनद्या ओलांडत स्वित्झर्लंडमधील झेरमॅट गाठायचे, असा त्यांचा बेत आहे. या दोन गावांमधील प्रवास स्कीवरून प्रथम झाला तो १९०३ साली. शामोनीचे डॉक्टर मिशेल पायो आणि त्यांचे सोबती यांनी तो केला. आजच्या वाटेवरील एक अवघड टप्पा या विश्रामघराच्या मागेच सुरू होतो. तो चढ सुमारे सहाशे मीटरचा असून वरच्या भागात ४० ते ४५ अंशांपर्यंत उभा होत जातो.

स्की ही बर्फावरून घसरत जाण्याची लांब पट्टी. मग तिच्यावरून चढ कसा चढतात? स्कीच्या तळाला एका दिशेने लव असलेले कापड चिकटवतात. त्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. मात्र उतार फार उभा झाला की हा उपाय थकतो. त्यातून वसंत ऋतूतील बर्फ दिवसा उन्हाने वितळतो आणि रात्री पुन्हा गोठून फरशीसारखा टणक होतो. अशा ठिकाणी प्रवासी स्की पाठीवर बांधतात आणि स्कीच्याच बुटांखाली पोलादी दात असलेली एक चौकट बसवून पायी चढू लागतात. या दातेरी चौकटीला क्रॅम्पॉन म्हणतात.

आता एक प्रश्न. चढाच्या मध्यावर एखाद्याचा क्रॅम्पॉन बुटावरून निसटला तर काय होईल? शाळेत शिकलेल्या सूत्रांनी उत्तर काढता येते. उतार ४० अंशांचा आहे आणि कपडे व टणक बर्फ यांमधील घर्षणांक ०.२ आहे, असे धरू. घसरणाऱ्या माणसाचे त्वरण = ९.८ × (ज्या ४०° − ०.२ × कोज्या ४०°). गणित केल्यास हे त्वरण सेकंदाला सेकंदामागे सुमारे ४.८ मीटर येते. म्हणजे तीन सेकंदांत माणूस सुमारे २२ मीटर खाली जातो आणि त्याचा वेग ताशी ५२ किलोमीटर होतो. तीन सेकंद म्हणजे "अरे, घसरलो!" असे म्हणायला लागणारा वेळ. म्हणून क्रॅम्पॉनची निवड करताना त्याचे दात किती तीक्ष्ण आहेत, एवढेच पाहून भागत नाही. तो या विशिष्ट बुटाला घट्ट बसतो का, हा पहिला प्रश्न आहे.

दातांचे काम

नुसता बूट बर्फावर का घसरतो, ते आधी पाहू. गुळगुळीत बर्फ आणि बुटाचा टणक तळ यांमधील घर्षणांक ०.१ धरला, तर वस्तू ज्या कोनाला घसरू लागेल त्याची स्पर्शज्या ०.१ असते. हा कोन जेमतेम ६ अंशांचा आहे! घर्षणाच्या भरवशावर ४० अंशांचा उतार चढणे अशक्य, हे उघड आहे.

क्रॅम्पॉन घर्षणावर विसंबत नाही. तो बर्फात रुततो. ७० किलोग्रॅम वस्तुमानाच्या माणसाचे वजन सुमारे ७०० न्यूटन असते. बुटाच्या तळाचे क्षेत्रफळ २०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका पायावर उभे राहिल्यास दर चौरस सेंटिमीटरला ३.५ न्यूटन एवढा दाब पडतो. आता तेच वजन दहा दातांवर घ्या. प्रत्येक टोकाचे क्षेत्रफळ २ चौरस मिलिमीटर असेल, तर एकूण २० चौरस मिलिमीटर होतात आणि दाब दर चौरस मिलिमीटरला ३५ न्यूटन होतो. हा पहिल्या दाबाच्या हजारपट आहे. शून्याखाली काही अंशांवर असलेला बर्फ साधारणपणे दर चौरस मिलिमीटरला ५ ते १० न्यूटन दाबाखाली चिरडू लागतो. त्यामुळे टोके आत शिरतात. दात वर रुंद होत गेलेला असल्याने जसजसा तो आत जातो तसतसे क्षेत्रफळ वाढते, दाब कमी होतो आणि योग्य खोलीवर दात थांबतो. मग बर्फाची भिंतच त्याला खाली सरकू देत नाही.

लोहाराच्या भात्यापासून

आल्प्समधील गुराखी आणि शिकारी पूर्वीपासून पायाखाली चार दातांचे लोखंड बांधत असत. पण उभ्या बर्फावर त्याचा फारसा उपयोग नव्हता. गिर्यारोहक बर्फकुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत वर जात आणि त्यात तासन् तास मोडत. ऑस्कर एकेन्स्टाइन नावाच्या इंग्रज अभियंत्याने १९०८ च्या सुमारास पूर्ण तळव्याखाली बसणाऱ्या दहा दातांच्या क्रॅम्पॉनची रचना केली. इटलीतील कुर्मायर गावच्या हेन्री ग्रिव्हेल या लोहाराने ती प्रत्यक्षात घडवली. कुर्मायर हे मॉंब्लाँ पर्वताच्या एका बाजूला, तर शामोनी दुसऱ्या बाजूला आहे. १९२९ साली हेन्रीचा मुलगा लोराँ याने बुटाच्या चवड्यापुढे येणारे आणखी दोन दात बसवले. या बारा दातांच्या क्रॅम्पॉनमुळे उभ्या बर्फात चवडे मारून सरळ वर चढता येऊ लागले.

याचा पडताळा १९३८ साली आला. स्वित्झर्लंडमधील आयगर शिखराची उत्तर भिंत तोपर्यंत कोणालाही सर झाली नव्हती. त्या जुलै महिन्यात दोन जोड्या तिच्यावर होत्या. हाइन्रिश हारर याच्यापाशी क्रॅम्पॉन नव्हतेच. त्याचा जोडीदार फ्रिट्झ कास्पारेक याच्यापाशी दहा दातांचे होते. मागून येणाऱ्या आन्डर्ल हेकमायर आणि लुडविग फ्योर्ग यांच्यापाशी बारा दातांचे होते. पुढची जोडी एक दिवस आधी निघाली होती, तरीही मागच्या जोडीने तिला भिंतीवर गाठले. पुढे चौघे एकत्र चढले आणि २४ जुलैला शिखरावर पोहोचले.

ते क्रॅम्पॉन चामड्याच्या बुटांना पट्ट्यांनी आवळून बांधत. पट्टे ढिले बांधले तर लोखंड हलते. फार आवळले तर रक्ताभिसरण मंदावते आणि बोटांना हिमदंश होण्याचे भय असते. पुढे ताठ प्लॅस्टिकचे बूट प्रचारात आले आणि खटक्याने बसणारे क्रॅम्पॉन वापरता येऊ लागले. आपला आजचा विषय येथेच सुरू होतो.

सहा हालचाली बंद करा

अवकाशात मोकळ्या असलेल्या कोणत्याही वस्तूला सहा प्रकारे हलता येते. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली, या तीन सरळ हालचाली. शिवाय तीन अक्षांभोवती फिरण्याच्या तीन हालचाली. हातात खडूची पेटी धरून पाहा, म्हणजे सहाही ध्यानात येतील. क्रॅम्पॉन बुटाला नीट बसला, याचा अर्थ बुटाच्या संदर्भात त्याच्या या सहाही हालचाली बंद झाल्या. एक जरी उघडी राहिली तरी तीच दगा देते.

चालताना या जोडावर तीन प्रसंगी ताण येतो. चवडा बर्फात मारताना बूट पुढे सरकू पाहतो. रुतलेला दात उपसताना बर्फ क्रॅम्पॉनला खाली ओढून धरतो. आणि उतारावरून आडवे जाताना क्रॅम्पॉन बुटाखालून बाजूला मुरडू पाहतो. तिसरा प्रसंग सर्वांत फसवा असतो, कारण सपाट जमिनीवर करून पाहिलेल्या चाचणीत तो येतच नाही.

पूर्ण खटक्याच्या क्रॅम्पॉनमध्ये चवड्याला पोलादी तारेची कमान असते. ती बुटाच्या पुढे आलेल्या कंगोऱ्यावर बसते. टाचेला एक खटका असतो. तो टाचेच्या कंगोऱ्यावर अडकवून वर दाबायचा. बुटाचा तळ चौकटीवर टेकलेला असतो, कमान आणि खटका त्याला वर उचलू देत नाहीत आणि पुढे-मागेही सरकू देत नाहीत. टाचेजवळचे दोन उभे खांब आणि कमानीचे दोन खांदे त्याला बाजूला जाऊ देत नाहीत, वळूही देत नाहीत. अशा रीतीने सहाही वाटा बंद होतात.

खटक्याची युक्ती तुमच्या घरातही आहे. बाजूला कड्या असलेला जेवणाचा डबा आठवा. कडी दाबताना मध्ये एक जागा अशी येते की तेथे सर्वांत जास्त जोर लागतो. ती ओलांडली की कडी टक्कन बसते. त्यानंतर झाकणाचा ताण कडीला उघडत नाही, उलट अधिकच बंद करतो. क्रॅम्पॉनचा खटका याच तत्त्वावर चालतो. पण डबा आणि झाकण यांचे माप जुळले नाही, तर कडी एक तर लागतच नाही, नाहीतर लागूनही खुळखुळते. येथेही तसेच आहे.

स्कीच्या बुटाचे वेगळेपण

गिर्यारोहणाच्या बुटासाठी बनवलेला क्रॅम्पॉन स्कीच्या बुटाला बसेलच असे नाही. याची कारणे एकेक करून पाहू.

स्कीच्या बुटाला चवड्याला आणि टाचेला जाड कंगोरे असतात, कारण स्कीवरील पकड तेथेच धरते. तळ वाकत नाही. या दोन्ही गोष्टी खटक्याच्या क्रॅम्पॉनला सोयीच्या आहेत. मऊ, वाकणाऱ्या बुटाला असा क्रॅम्पॉन लावला, तर पाऊल दुमडताच कंगोरा तारेखालून सुटतो. स्कीच्या बुटात हे भय नाही.

पण स्कीच्या बुटाचा चवडा रुंद आणि चौकोनी असतो. अरुंद, निमुळत्या बुटासाठी वाकवलेली तार त्यावर नीट बसत नाही. ती मध्येच टेकते किंवा फक्त दोन कोपऱ्यांवर टेकते. पहिल्या स्थितीत बूट तारेखाली डावीकडे-उजवीकडे झुलतो. दुसऱ्या स्थितीत मध्ये पोकळी राहते आणि चवडा मारला की बूट तेवढा पुढे सरकतो. काही उत्पादक रुंद आणि अरुंद अशा दोन प्रकारच्या कमानी देतात. त्यांपैकी आपल्या बुटाच्या वळणाशी जुळणारी निवडावी.

दुसरी गोष्ट लांबीची. स्कीच्या बुटाचा क्रमांक पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगतो. क्रॅम्पॉनला मात्र तळाची लांबी हवी असते. पाय २७ सेंटिमीटरचा असला तरी जाड कवचामुळे तळ ३१ सेंटिमीटरच्या आसपास असू शकतो. बहुतेक बुटांच्या कवचावर टाचेजवळ तळाची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. क्रॅम्पॉनचे पुढचे व मागचे अंग एका भोकांच्या जोडपट्टीने जोडलेले असते. बूट मोठा असेल तर ही पट्टी पुरत नाही, लांब पट्टी वेगळी घ्यावी लागते. शेवटच्या भोकात ओढूनताणून बसवणे धोक्याचे.

तिसरी गोष्ट नव्या, हलक्या बुटांची. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्टेल यांनी स्कीची एक नवी पकड शोधून काढली. बुटाच्या चवड्यात दोन्ही बाजूंना धातूच्या खळग्या असतात आणि स्कीवरील दोन खिळे त्यांत शिरून बूट धरतात. या पकडीला चवड्याच्या कंगोऱ्याची गरज उरली नाही. म्हणून शर्यतीच्या काही बुटांत वजन वाचवण्यासाठी तो कापून टाकला आहे. स्कीला हे चालते, पण तारेच्या कमानीला बसायला जागाच राहत नाही! अशा बुटाला चवड्याशी प्लॅस्टिकची लवचिक पकड आणि टाचेला खटका असलेला क्रॅम्पॉन घ्यावा लागतो किंवा त्या बुटासाठीच केलेला घ्यावा लागतो. बूट घेतानाच हा विचार केलेला बरा.

चौथी गोष्ट तळाच्या वळणाची. चालायला सोपे जावे म्हणून काही बुटांचा तळ झुलत्या खुर्चीच्या पायासारखा किंचित वर वळलेला असतो. सपाट चौकटीवर तो पूर्ण टेकत नाही. फट राहिली की बूट त्याभोवती डुलतो आणि खटक्यावर पुन्हा पुन्हा ताण येतो.

पोलाद की ॲल्युमिनियम?

जोड जुळला की मग धातूचा विचार. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे ७.८ ग्रॅम, तर ॲल्युमिनियमची २.७ ग्रॅम आहे. ॲल्युमिनियमचे भाग जाड करावे लागतात, तरीही जोडीचे वजन पोलादी जोडीच्या निम्म्यावर येऊ शकते. दिवसभर पाठीवर वागवून तासभरच पायात घालायच्या वस्तूसाठी हा लाभ मोठा आहे. पण ॲल्युमिनियम मऊ आहे. टणक बर्फगाड्यावर किंवा खडकावर त्याची टोके लवकर बोथट होतात, प्रसंगी वाकतातही. म्हणून वाट केवळ गोठलेल्या हिमाची असेल तर ॲल्युमिनियम चालते. वाटेत निळा टणक बर्फ किंवा खडक असेल तर पोलादच हवे. काही जोड्यांत पुढचा भाग पोलादाचा आणि मागचा ॲल्युमिनियमचा असतो.

पोलादी टोके बोथट झाली तर हाताने कानस मारून धार लावावी. विजेच्या सहाणेवर लावू नये. उष्णतेने पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि टोक मऊ पडते, हे कोणताही लोहार सांगेल.

तळाशी प्लॅस्टिकची किंवा रबराची पातळ चकती असावी. दुपारचा ओला बर्फ दातांमध्ये चिकटून त्याचा गोळा होतो. मग दात बर्फापर्यंत पोहोचतच नाहीत आणि माणूस पुन्हा गोल, गुळगुळीत तळावर येतो. चकती प्रत्येक पावलाबरोबर लवते आणि गोळा झटकून टाकते.

पाच कसोट्या

दुकानात जाताना आपला बूट बरोबर न्यावा, हा पहिला नियम. मग पुढील कसोट्या घ्याव्यात.

(१) तारेची कमान कंगोऱ्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकते का? तार आणि बूट यांमधून कागदाची घडी जाता कामा नये.

(२) खटका लावण्यापूर्वी बूट उचलून हलवावा. माप बरोबर असेल तर क्रॅम्पॉन खाली पडत नाही, चिकटून राहतो.

(३) खटका लावताना अंगठ्याला चांगलाच जोर लागला पाहिजे आणि शेवटी टक्कन आवाज झाला पाहिजे. सहज बसणारा खटका सहज निघतो. टाचेजवळच्या स्क्रूने ही बारीक जुळणी करता येते.

(४) बूट पायात घालून पायरीच्या कडेवर चवडा, मग बाजू टेकवावी आणि पाय मुरडावा. खालून काही हलल्याचे जाणवले तर ती जोडी परत ठेवावी.

(५) घोट्याभोवतीचा पट्टा बांधावा. खटका चुकून उघडला तरी क्रॅम्पॉन पायालाच लटकत राहतो, दरीत जात नाही. पट्ट्याचे बक्कल बाहेरच्या बाजूला आले पाहिजे, नाहीतर दुसऱ्या पायाचे दात त्यात अडकतात.

हे सर्व घरी, हातमोजे घालून पुन्हा पुन्हा करून पाहावे. वाल्सोरेच्या वरच्या उतारावर बोटे बधिर झालेली असताना स्क्रू पिळायला सवड नसते. आणि क्रॅम्पॉन चढवायचे ते उतार उभा होण्यापूर्वी, सपाट जागेवर. "अजून थोडे पुढे जाऊ, मग घालू" असे म्हणता म्हणता माणूस अशा जागी पोहोचतो, जेथे एका पायावर उभे राहणेही कठीण असते.

वर्गात करून पाहा

एका पसरट थाळीत पाणी ओतून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात बर्फाची लादी करा. लाकडाचा एक चपटा ठोकळा घेऊन त्यावर अर्ध्या किलोचे वजन बांधा. तो लादीवर ठेवून थाळीची एक कड हळूहळू उचला आणि ठोकळा घसरू लागतो तो कोन मोजा. आता पातळ फळीच्या तुकड्यात चांभार वापरतो तशा चार चुका आरपार ठोका. टोके खाली ठेवून ही फळी ठोकळ्याखाली दोऱ्याने घट्ट बांधा आणि कोन पुन्हा मोजा. तिसऱ्या वेळी तीच फळी ढिली बांधा. चुकांची टोके बर्फात रुतलेलीच राहतील, पण कोन वाढताच वरचा ठोकळा फळीवरून तिरपा होऊन सरकेल. टोकांना हात जपून लावा आणि हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा.

तिन्ही कोनांची स्पर्शज्या काढून वहीत लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी चुका त्याच होत्या, बर्फ तोच होता, वजनही तेच होते. बदलला होता तो फक्त दोऱ्याचा ताण. वाल्सोरेहून पहाटे निघालेला प्रवासी आपला खटका एकदा अंगठ्याने दाबून पाहतो आणि मगच पहिले पाऊल उचलतो, ते याच कारणाने.